वनौषधी, घरगुती उपाय आणि औषध शरीरात पोहोचवण्याच्या नव्या पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीची हळदपेठ आणि मिरजेची रुग्णालये यांच्यात जेमतेम दहा किलोमीटरचे अंतर आहे. त्यामुळे या भागातील बहुतेक घरांत औषधाच्या गोळ्या आणि काढ्याचे पातेले एकत्र नांदतात, आणि प्रश्नही दोन्हींबद्दल एकत्रच येतात. पुढील प्रश्न सांगली, मिरज, तासगाव, शिराळा आणि सातारा भागातील वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या आजारासंबंधीचा निर्णय मात्र आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारूनच घ्यावा.

१. औषध ‘पोहोचवण्याची पद्धत’ म्हणजे काय? गोळी पोटात गेली की औषध पोहोचलेच ना?

पोटात गेलेले औषध रक्तात पोहोचलेच असे धरून चालता येत नाही. तोंडाने घेतलेली गोळी जठरात किंवा आतड्यात विरघळते, आतड्याच्या भिंतीतून शोषली जाते आणि तेथून निघणारे रक्त सर्वप्रथम यकृतात जाते. यकृत त्या औषधाचा काही भाग, क्वचित जवळजवळ सगळाच भाग, मोडून टाकते. यातून वाचून जो हिस्सा सर्व शरीरात फिरणाऱ्या रक्तात मिसळतो, त्याला त्या औषधाची जैवउपलब्धता म्हणतात. जिभेखाली ठेवण्याची गोळी, नाकातील फवारा, श्वासाबरोबर ओढण्याचे औषध, त्वचेवरील पट्टी, स्नायूत किंवा शिरेत दिलेले इंजेक्शन हे सगळे या वाटेतील अडथळे टाळण्याचे किंवा कमी करण्याचे मार्ग आहेत. एकच पदार्थ एका मार्गाने निरुपयोगी, दुसऱ्या मार्गाने गुणकारी आणि तिसऱ्या मार्गाने जीवघेणा ठरू शकतो. पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. झाडपाल्याचे औषध आणि डॉक्टरांची गोळी यांत मूळ फरक कोणता?

लोक समजतात तेवढा मोठा फरक उगमात नाही. खोकल्याच्या बाटलीवर दिसणारे ब्रोमहेक्झिन हे अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या रचनेवरून तयार झाले, आणि अँब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्झिनपासूनच शरीरात बनणारे रूप आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचा वंश युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीपर्यंत जातो. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि त्यानंतर काही वर्षांतच तिच्यातील रिसर्पिन वेगळे काढून जगभर वापरले गेले.

फरक आहे तो मोजमापात. गोळीत ठरलेले एक द्रव्य ठरलेल्या मिलिग्रॅममध्ये असते. पानात शेकडो द्रव्ये असतात आणि त्यांचे प्रमाण जमीन, हंगाम, पानाचे वय, वाळवण आणि उकळण्याची वेळ यांनुसार बदलते. त्यामुळे काढ्याने कधी बरे वाटते आणि कधी वाटत नाही, यात आश्चर्य नाही. साध्या खोकल्यात एवढी अनिश्चितता चालून जाते, पण झटके, हृदयाची लय किंवा रक्ताची गुठळी यांच्या बाबतीत ती चालत नाही.

३. आम्ही सांगलीची हळद रोज जेवणात खातो. मग कर्क्युमिनच्या कॅप्सूल घ्यायची गरज आहे का?

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवलेल्या हळदीची कीर्ती तर त्याहून जुनी आहे. पण हे मानांकन उत्पादनाच्या गुणवत्तेचे आणि उगमाचे असते, औषधी परिणामाचे नव्हे. हळकुंडात कर्क्युमिनचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. दिवसभराच्या आमटी-भाजीतून माणशी दोन-तीन ग्रॅम हळद पोटात गेली, असे धरले तरी कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच भरते.

त्यातही अडचण अशी, की कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातील अल्कधर्मी द्रवात ते टिकत नाही, आणि जे थोडे शोषले जाते त्याचे आतड्याची भिंत व यकृत लगेच दुसऱ्या रूपात रूपांतर करून बाहेर टाकण्याची व्यवस्था करतात. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत कर्क्युमिन पेशींवर थेट ओतले जाते, म्हणून तेथे ते सूज कमी करताना आणि कर्करोगाच्या पेशी मारताना दिसते. तीच मात्रा ताटातील हळदीमुळे आपल्या रक्तात पोहोचेल, असे समजण्यास आधार नाही. वृत्तपत्रांत येणाऱ्या ‘हळदीने अमुक रोग बरा’ या बातम्यांपैकी बऱ्याच बातम्या अशा बशीतल्या किंवा उंदरांवरच्या प्रयोगांच्या असतात, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

गुडघेदुखीच्या काही रुग्णांवर झालेल्या लहान चाचण्यांत कर्क्युमिनच्या कॅप्सूलने वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. तरीही निरोगी माणसाने खबरदारी म्हणून त्या रोज घ्याव्यात, याला पुरेसा पुरावा नाही. उलट अधिक शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या असून इटलीत २०१९ साली सरकारी यंत्रणेने त्याबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती. स्वयंपाकातील हळद आणि कॅप्सूलमधील अर्क यांना एकाच तराजूत तोलू नये.

जाता जाता हळदीच्या रंगाविषयी. झळाळी आणण्यासाठी हळदीवर लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चढवण्याचा गैरप्रकार भारतीय उपखंडात आढळलेला आहे. अवाजवी भडक पिवळी पूड घेण्यापेक्षा हळकुंडे पाहून घ्यावीत आणि ती स्वतः दळून आणावीत, हे उत्तम. हळदीचा भाव ठाऊक असलेल्या सांगलीकराला हे वेगळे सांगायला नको.

४. हळदीत मिरपूड घातली की गुण वीसपट वाढतो, असे सांगतात. हे खरे आहे का?

या विधानाचा उगम खरा आहे, पण त्यातील ‘गुण’ हा शब्द चुकीचा आहे. बंगळुरू येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. तेव्हा रक्तात त्याचा मागमूस जेमतेम लागला. त्यासोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातील तिखट द्रव्य, दिले असता जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. मात्र शून्याच्या जवळ असलेली संख्या वीसपट झाली तरी ती लहानच राहते, आणि रक्तातील पातळी वाढली म्हणून रोग बरा झाला, असेही त्या प्रयोगाने दाखवलेले नाही.

पिपरिन हे करते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. आतडे व यकृत यांतील जी विकरे (एन्झाइम) परक्या द्रव्यांना मोडतात, त्यांना ते काही काळ मंद करते. शिवाय आतड्याच्या पेशी ज्या प्रथिनांच्या साहाय्याने औषध पुन्हा बाहेर ढकलतात, त्यांनाही आवर घालते. पिंपळी आणि मिरे यांना आयुर्वेदात ‘त्रिकटू’मध्ये सुंठीच्या जोडीने स्थान आहे. पिपरिनच्या याच गुणाचा उपयोग करून जम्मू येथील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने रिफाम्पिसिन व आयसोनायझिड ही क्षयरोगावरील औषधे आणि पिपरिन यांचे संयुक्त औषध विकसित केले. त्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवली होती आणि हे औषध २००९ साली भारतीय बाजारात आले.

अर्थात जे विकर कर्क्युमिनला मोडते, तेच आपल्या इतर गोळ्यांनाही मोडत असेल, तर पिपरिनमुळे त्यांचीही रक्तातील पातळी वाढू शकते. झटक्यांवरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफायलिन आणि रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल यांच्याबाबत असे परिणाम नोंदलेले आहेत. आमटीत टाकलेल्या चिमूटभर मिऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पिपरिनचा अर्क असलेली कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी मात्र चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. क्षयरोगाच्या रुग्णाने वरील माहितीवरून स्वतःच्या गोळ्यांची मात्रा कमी करणे धोक्याचे आहे, कारण अपुऱ्या मात्रेतून औषधाला न जुमानणारा क्षय निर्माण होतो.

५. वैद्य तुपातून, मधातून किंवा दुधातून औषध घ्यायला सांगतात. या अनुपानाला शास्त्रीय अर्थ आहे का?

काही ठिकाणी निश्चित आहे. कर्क्युमिनसारखी स्निग्धात विरघळणारी द्रव्ये तुपासोबत किंवा साय असलेल्या दुधासोबत घेतल्यास पित्तरसामुळे त्यांचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ती अधिक शोषली जातात. आजचे औषधनिर्माते तेलातील सूक्ष्म द्रावण कॅप्सूलमध्ये भरतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. मधाचा मुख्य उपयोग चव झाकणे आणि घशाला ओलावा देणे हा दिसतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये, मग त्यात उगाळलेली मात्रा असो वा नसो. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो.

दूध प्रत्येक औषधाला मानवते असे नाही. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमला चिकटून बसतात आणि शोषली जात नाहीत, म्हणून ती पाण्यासोबतच घ्यावीत.

६. ‘नॅनो’ आणि ‘लिपोसोमल’ ही काय भानगड आहे? दुकानात लिपोसोमल हळद, नॅनो कर्क्युमिन असे बरेच काही दिसते.

लिपोसोम म्हणजे स्निग्ध द्रव्याच्या दुहेरी पापुद्र्याची अतिसूक्ष्म पिशवी. आपल्या पेशींचे आवरण साधारण अशाच द्रव्याचे असते. ब्रिटिश संशोधक अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात तिचे वर्णन केले. पिशवीच्या पोकळीत पाण्यात विरघळणारे औषध आणि भिंतीत स्निग्धात विरघळणारे औषध भरता येते. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध अशा पिशव्यांत भरून १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले. त्या पिशव्यांचा व्यास केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा आहे. औषध पिशवीत बंद राहिल्यामुळे हृदयावरील दुष्परिणाम कमी झाले.

या प्रकारातले सर्वांना आठवणारे नाव म्हणजे अँफोटेरिसिन. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते, त्यातील मूळ द्रव्य मातीतील एका सूक्ष्मजीवाकडून मिळते, म्हणजे ते पूर्णपणे नैसर्गिक आहे. पण साध्या रूपात ते मूत्रपिंडाला इतके जाचक ठरते, की लिपोसोममध्ये घातलेले रूप डॉक्टर आग्रहाने मागत होते. त्याच वर्षी दिल्या गेलेल्या काही परदेशी कोविड लशींतील एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, हाही स्निग्ध नॅनोकणांतूनच पेशीपर्यंत पोहोचवला गेला.

दुकानातील पूरक आहाराच्या डब्यांची गोष्ट वेगळी आहे. वरील औषधांच्या कणांचा आकार, गळती आणि टिकाऊपणा प्रत्येक खेपेला तपासावा लागतो आणि रुग्णांवरील चाचण्या सादर कराव्या लागतात. पूरक आहारावर ‘नॅनो’ लिहिताना अशा चाचण्यांची अट नसते. शिवाय इंजेक्शनने दिलेला लिपोसोम जठरातील आम्ल आणि आतड्यातील पित्तरस यांना कधी सामोरा जातच नाही. तोंडाने घेतलेल्याला मात्र दोन्हींतून जावे लागते. जास्त पैसे मोजण्यापूर्वी कोणत्या आजारावर, किती रुग्णांत, कशाशी तुलना करून तपासले, हे विक्रेत्याला विचारून पाहावे. उत्तराऐवजी पत्रक हातात पडते, असाच बहुतेकांचा अनुभव आहे.

७. कोयना-महाबळेश्वरच्या रानात कर्करोगावरचे झाड आहे, असे ऐकले. त्याची साल मिळेल का?

आपण ऐकलेले झाड बहुधा नरक्या असावे. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे काढले गेले, ते मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी यांचा जन्म आपल्याच राज्यातील नंदुरबारचा, आणि टॅक्सॉल या नावाने प्रसिद्ध झालेल्या पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाच्या शोधातही त्यांचा वाटा आहे. भारतातील नरक्यातही कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर सालीसाठी सह्याद्रीत या झाडाची एवढी तोड झाली, की त्याचे रानातील अस्तित्वच धोक्यात आले.

साल मिळवू नये आणि मिळाली तरी घेऊ नये. शुद्ध कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही; ते विरघळावे म्हणून १९७०च्या सुमारास त्याचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि रक्तपेशींची घट असे गंभीर त्रास झाले आणि प्रयोग थांबवावे लागले. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत बदल करून टोपोटेकॅन व आयरिनोटेकॅन ही औषधे बनवली, ती १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली आणि आयरिनोटेकॅनचे लिपोसोमल रूप २०१५ साली आले. पॅक्लिटॅक्सेलचेही असेच झाले. ते विरघळवण्यासाठी वापरलेल्या एरंडेलजन्य द्रावकाने रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होत असे, म्हणून २००५ साली त्याला अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या नॅनोकणांत बसवले गेले. झाडापासून रुग्णापर्यंतचा हा चाळीस-पन्नास वर्षांचा प्रवास सालीचा काढा करून टाळता येत नाही.

८. सदाफुलीची पाने चावून खाल्ल्याने साखर कमी होते का?

तसा समज सर्वत्र आहे आणि परसातील झाड हाताशी असल्याने तो टिकूनही आहे. सदाफुलीत व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही पेशींचे विभाजन थांबवणारी द्रव्ये असतात आणि रक्ताच्या कर्करोगात ती मोजून वापरली जातात. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतूनच द्यावे लागते. ते चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेल्यास मृत्यू ओढवतो. अशी द्रव्ये असलेले पान रोज अंदाजाने खाणे योग्य नाही, गरोदर स्त्रीने तर ते मुळीच खाऊ नये. साखरेच्या गोळ्या चालू असताना होणाऱ्या परिणामांसाठी प्रश्न १५ पाहावा.

९. आजोबांना गोळी गिळता येत नाही. ती कुटून मधातून किंवा पाण्यातून दिली तर चालेल का?

काही गोळ्या चालतात, काही अजिबात चालत नाहीत. गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर किंवा एक्सएल अशी अक्षरे असतील, तर ती बारा किंवा चोवीस तास हळूहळू औषध सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली, की दिवसभराचे औषध तासाभरात रक्तात येते. रक्तदाबाच्या गोळीने अशा वेळी दाब एकदम घसरून माणूस पडू शकतो. साखर एकाएकी उतरवणाऱ्या गोळ्यांचे तर बोलायलाच नको. अशा काही गोळ्यांचे कवच शौचातून जसेच्या तसे बाहेर पडते. ‘गोळी विरघळलीच नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात. पण औषध आत झिरपून गेलेले असते आणि रिकामे कवच तेवढे बाहेर येते.

दुसरा प्रकार आम्लापासून बचाव करणाऱ्या लेपाचा. पॅन्टोप्रॅझोलसारखे औषध जठरातील आम्लात नष्ट होते, म्हणून त्यावर आतड्यातच विरघळणारा थर असतो. तो थर मोडला, की औषध वाया जाते. तिसरा प्रकार छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवण्याच्या गोळीचा. ती गिळल्यास यकृतात बरीचशी मोडते आणि परिणाम उशिरा होतो.

गोळीच्या मध्यभागी रेघ असेल, तर ती सहसा त्या रेघेवर मोडता येते, पण म्हणून कुटता येतेच असे नाही. औषधाच्या दुकानात त्याच द्रव्याचे पातळ औषध किंवा तोंडात विरघळणारी गोळी आहे का, हे आधी विचारावे. बहुतेक वेळा असते.

१०. त्वचेवर चिकटवण्याची औषधी पट्टी आणि आपला हळदीचा किंवा निर्गुडीचा लेप यांत फरक काय? लेप रक्तात जातो का?

त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर हा शरीराचा फार चिवट कोट आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठा रेणू त्यातून सहजी जात नाही. रेणू लहान असला तरी तो काहीसा स्निग्धात विरघळणारा हवा. या अटींत बसणारी द्रव्ये थोडीच आहेत. प्रवासातील उलटीवरील स्कोपोलामिनची पट्टी १९७९ साली अमेरिकेत प्रथम मान्य झाली. हे द्रव्य धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींत आढळते. तंबाखू सोडण्यासाठीची निकोटिनची पट्टी आणि कर्करोगाच्या वेदनेवरील फेंटॅनिलची पट्टी याच जातीची. त्यांतून औषध ठरलेल्या वेगाने थेट रक्तात जाते आणि यकृताचा पहिला फेरा टळतो. लेपाचा परिणाम मात्र बहुतांशी तेवढ्या जागेपुरता राहतो. लेपाने बरे वाटण्यात उब, चोळणे आणि विश्रांती यांचाही वाटा असतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

फेंटॅनिलची पट्टी घरी असेल, तर काही गोष्टी काटेकोर पाळाव्यात. तिच्यावर शेकाची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध वेगाने आत शिरते आणि श्वास मंदावू शकतो. ताप चढला किंवा भर उन्हात शेतावर काम करावे लागले, तरी हाच धोका असतो. साधारण ७२ तासांनी काढलेल्या पट्टीतही मुलाचा जीव घेण्याइतके औषध शिल्लक असते, म्हणून तिची चिकट बाजू आत दुमडून ती मुलांच्या हाती लागणार नाही, अशा रीतीने नष्ट करावी.

११. दम्याचा पंप सुरू केला, की त्याची सवय लागते म्हणतात. त्यापेक्षा अडुळशाचा काढा बरा नव्हे का?

पंपाची सवय लागत नाही; दमा हा दीर्घकाळ राहणारा आजार असल्याने औषध दीर्घकाळ लागते. पंपाची बाजू एका हिशोबाने स्पष्ट होते. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या भागाएवढेच औषध असते. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने एवढे पुरते, आणि हात थरथरणे किंवा छातीत धडधडणे कमी होते.

अट एवढीच, की पंप नीट ओढता आला पाहिजे. दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसला नाही, तर बहुतांश औषध घशातच चिकटते. त्यासाठी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडण्याची पोकळ नळी, वापरावा. स्टेरॉइडचा पंप वापरल्यावर चूळ भरावी, नाहीतर तोंडात बुरशी येते. अडुळशाने कफ सुटण्यास मदत होत असेल, पण गुऱ्हाळाच्या धुराने किंवा हळद पॉलिश करताना उडणाऱ्या धुळीने दम्याचा झटका आला असताना काढा उकळत बसणे हा धोका आहे.

१२. इन्सुलिनची गोळी का निघत नाही?

इन्सुलिन हे प्रथिन असल्याने पोटात ते वरणातल्या प्रथिनासारखेच पचून जाते. १९२२ साली ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले, तेव्हापासून गोळीचे प्रयत्न चालू आहेत. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड या इन्सुलिनहून लहान पेप्टाइडची (प्रथिनाच्या छोट्या साखळीची) गोळी २०१९ साली अमेरिकेत मान्य झाली, पण तिच्यातूनही एक टक्क्याच्या आसपासच औषध शोषले जाते. म्हणून ती उपाशीपोटी, घोटभर पाण्यासोबत घेऊन अर्धा तास चहासुद्धा टाळावा लागतो.

१३. उसाच्या फडात साप चावला आणि दवाखाना लांब असला, तर तोवर झाडपाला द्यावा का?

नाही. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे या जिल्ह्याचे नाव सापांशी जोडलेले आहे आणि त्यासोबत उताऱ्याच्या मुळ्यांचीही परंपरा आहे; पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाखेरीज उपाय नाही. प्रतिविष हे घोड्यांच्या रक्तातून मिळणारे प्रतिपिंड, म्हणजे प्रथिन आहे, त्यामुळे प्रश्न १२ मधील कारणाने ते तोंडाने देता येत नाही. ते शिरेतूनच द्यावे लागते. सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या लागतात. कोणाला प्रतिविषाचीच तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच देतात.

मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तरी अपचन समजून ओवा खात बसू नये. चावलेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने काहीही पाजू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. बऱ्याच दंशांत विष टोचलेलेच नसते. मांत्रिकाला आणि मुळीला यश मिळते ते अशाच दंशांत.

१४. आम्ही तासगावचे द्राक्षबागायतदार. द्राक्षे खाल्ल्याने गोळ्यांवर परिणाम होतो, असा निरोप फिरतो आहे. तो खरा आहे का?

द्राक्षे आणि बेदाणे यांचा त्याच्याशी संबंध नाही. तो परिणाम ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाचा आहे. त्यातील द्रव्ये आतड्यातील एक विकर निकामी करतात, त्यामुळे काही कोलेस्टेरॉलच्या व रक्तदाबाच्या औषधांची पातळी वाढते. त्याचे जवळचे नातलग पपनस. ते आवडीने खाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवावे. मधुमेही व्यक्तीने द्राक्षे किती खावीत, हा साखरेचा वेगळा प्रश्न आहे.

१५. कायमच्या गोळ्या चालू असताना कोणते घरगुती उपाय जपून करावेत?

ज्येष्ठमध दीर्घकाळ चघळल्याने शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठीचे डिगॉक्सिन चालू असल्यास हृदयाची लय बिघडू शकते. इसबगोल इतर औषधांना आपल्यात धरून ठेवते, म्हणून त्यात आणि गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. थायरॉइडची गोळी लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवावी. कारल्याचा रस किंवा गुडमार हे इन्सुलिनसोबत किंवा साखरेच्या काही गोळ्यांसोबत घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लसूण, आले आणि हळद यांचे अर्क टाळावेत. फोडणीतील लसणाचा येथे विचार नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर असे अर्क साधारण दोन आठवडे आधी थांबवावेत आणि भूलतज्ज्ञांना त्यांची कल्पना द्यावी. मिऱ्याच्या अर्कासाठी प्रश्न ४ पाहावा.

१६. गुळवेल, भस्मे वगैरे आयुर्वेदिक औषधांचा अपाय होतच नाही, हे बरोबर ना?

हे बरोबर नाही, आणि आयुर्वेदही तसे म्हणत नाही. कोविडकाळात गुळवेल भरपूर घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचे म्हटले. आमच्या मते आधीच यकृताचा किंवा स्वयंप्रतिकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) विकार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढा बोध दोन्ही बाजू ऐकून निघतो.

भस्मांबाबत, इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ सालच्या अमेरिकी तपासणीत सुमारे एक-पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आपल्या औषध कायद्याच्या नियमांतील अनुसूची ‘ई-१’मध्ये पारद, बचनाग, कुचला, बिब्बा यांसारख्या विषारी द्रव्यांची यादी असून त्यांपासून बनलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकद्रव्ये नसलेली पुडी घेऊ नये. मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा करण्याची जाहिरात १९५४च्या जादूटोणासदृश उपायांविरुद्धच्या जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. ती कोणत्या पॅथीची आहे, याला महत्त्व नाही.

१७. हळद तोंडाने शोषली जात नाही, तर ती सलाइनमधून का देऊ नये?

प्रश्न तर्काला धरून आहे आणि कोणीतरी तसे करूनही पाहिले आहे. कॅलिफोर्नियात २०१७ साली एका स्त्रीला इसबासाठी कर्क्युमिनचे मिश्रण शिरेतून दिले गेले आणि ती दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासले, तेव्हा ते विरघळवण्यासाठी वापरलेल्या एरंडेलजन्य द्रावकात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्यही आढळले. आतडे आणि यकृत हे अडथळे आहेत तसेच पहारेकरीही आहेत. शिरेतून दिलेल्या पदार्थाला पहाराच उरत नाही, त्यामुळे त्याच्या शुद्धतेची जबाबदारी सर्वस्वी बनवणाऱ्यावर येते. कोणत्याही नर्सिंग होममध्ये ‘नैसर्गिक’ सलाइन सुचवले गेल्यास कुपीवरील परवाना पाहावा, आणि तो नसेल तर नकार द्यावा.

१८. वनौषधीचा किंवा गोळीचा दुष्परिणाम झाला, असे वाटल्यास कळवायचे कोठे?

प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. त्याशिवाय भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि रुग्ण स्वतःही तेथे माहिती देऊ शकतो. भेसळ किंवा बेकायदा विक्रीचा संशय असल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. औषधाचे वेष्टन, बॅच क्रमांक, उरलेले औषध, सुरू केल्याची तारीख आणि त्याच काळात घेतलेल्या इतर सर्व गोळ्या व काढ्यांची यादी जवळ ठेवावी. काढा ‘औषधात मोजत नाहीत’ म्हणून यादीतून गळतो, आणि नेमका तोच कारण असला तर तपास तेथेच अडतो.